धानातला करगा

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कमरेइतक्या धानात उभे राहून करगा उपटत होतो. करगा ओळखणारा तिच्यासारखा माणूस आमच्या बालाघाट जिल्ह्यात झाला नाही आणि होणार नाही. बाकी खोडी तिच्यात भरपूर होत्या, त्या सांगणारच आहे. मेलेल्या माणसाचं फक्त चांगलं सांगावं म्हणतात, ते मला पटत नाही; तसं सांगितलं की तो माणूस आपल्या घरचा वाटतच नाही. त्या सकाळी मला तिला एक गोष्ट सांगायची होती. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला तिनं बारा वर्षं दुश्मन मानलं, आणि तो दुश्मन नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ही ती गोष्ट. मी म्हटलं, "एक सांगू का?" ती वर न पाहता म्हणाली, "अगुदर हा कोपरा होऊ द्या. तुमचं सांगनं कुठं पळून चाललं?" कोपरा झाला. सांगणं राहिलं.

ज्यांनी धान फक्त ताटात पाहिलं त्यांना करगा माहीत नसेल. करगा म्हणजे धानात उगवणारं धानासारखंच गवत. रोपांचा रोवणा झाला की तो धानाच्या रांगेत उभा राहतो, धानाचंच पाणी पितो, धानाचंच खत खातो, पानही तेच, रंगही तोच. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दहा माणसं निंदणाला घाला, दहाही त्याच्या बाजूनं निघून जातील. तो ओळखू येतो निसवल्यावर, म्हणजे लोंब बाहेर पडल्यावर. दाण्याला लांब कुसळ असतं, टरफल काळं आणि आतला दाणा तांबडा. तेव्हा तुम्ही ओळखलं तरी अर्धं पीक त्यानं खाल्लेलं असतं. आणि धान कापायच्या आधीच आपले दाणे खाली झाडून तो मोकळा होतो. हाताला काही लागत नाही आणि पुढच्या वर्षाचं बियाणं तुमच्याच मातीत पेरून जातो. आमची बुढी मात्र त्याला लोंब यायच्या आधी, पोरसवदा असतानाच पकडायची. कांड्याजवळचा किंचित लालपणा पाहायची, पान चिमटीत धरून वास घ्यायची, आणि बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच झालेलं रोप दिसलं की म्हणायची, "पाहा, याले घाई झाली."

आता एवढी विद्या असलेली बाई ती फक्त बांधीत कशी ठेवणार? तिनं ती माणसांना लावली. तिच्या हिशेबानं जगात दोनच जाती होत्या, धान आणि करगा. लग्नाच्या पंगतीत जो सगळ्यांच्या आधी पाटावर बसला तो करगा. जो दारात पाय ठेवायच्या आधीच "काकू, तब्येत बारीक झाली तुमची" म्हणतो तो पक्का करगा. वारासिवनीच्या बसमध्ये बसली की खिडकीकडे तोंड नाही, सगळी बस डोळ्यांनी निंदून काढायची आणि माझ्या कानाशी लागून सांगायची, "तो चष्म्यावाला करगा, ती हिरवी साडी धान, डायवर अजून निसवला नाही." किरनापूरला एका माणसाची म्हैस घ्यायला गेलो. म्हैस चांगली होती, पण मालकानं आम्ही विचारायच्या आधीच तिची तारीफ सुरू केली, आणि बुढी तशीच मागं फिरली. मी म्हटलं, "म्हशीत का खराबी आहे वो?" म्हणाली, "म्हशीत नाही. पण त्याच्या गोठ्यात राह्यली ना इतके दिवस." पोराच्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेलो तेव्हा तर तिनं हद्द केली. पोरीला पुढं बोलावलं आणि म्हणाली, "बाई, मनगट दाखव. आता पाय पुढं कर." पोरीची आई घाबरली, तिला वाटलं अंगावर डाग पाहत आहेत. ही कांडं पाहत होती. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "धान आहे," आणि लग्न पक्कं झालं. त्या दिवसापासून सुनेवर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला. चुकायचीही. चुली विकत फिरणाऱ्या एका माणसाला तिनं धान ठरवून ओसरीत जेवू घातलं, तो जाताना माझी नवी छत्री घेऊन गेला. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "एखादा दाना चुकते. छत्री जुनीच होती." छत्री चार दिवसांची होती.

नात गोंदियाला मराठी शाळेत शिकते. तिचा एकदा फोन आला. "आजी, अस्तनीतला निखारा म्हणजे काय? अर्थ आणि उगम लिहून आणायला सांगितलाय." बुढीनं फोन माझ्या हातातून घेतला, कारण मी चौथी शिकलो आणि ती दुसरीच, पण म्हणींची मालकी तिच्याकडे होती, तिच्या मते सगळ्या म्हणी तिच्या माहेरी, लांजीकडेच, तयार झाल्या आणि बाकी जगानं त्या चोरल्या.

"अस्तनी म्हनजे का गं?"

"बाही, आजी. जुन्या काळी बाह्या मोठ्या असायच्या, लोक त्यात वस्तू ठेवायचे. त्यात निखारा ठेवला तर आपल्यालाच भाजतो. म्हणजे जवळचा माणूसच दुश्मन. हिंदीत आस्तीन का साँप म्हणतात."

"निखारा काहून ठेवन गं कोनी बाहीत? येडाच असन तो. आन ठेवला त लगेच भाजन, मंग लपला कुठं? दुश्मन लगेच भाजत नाही बाई. दुश्मन चार महिने हिरवा रायते."

"आणि साप?"

"साप बिचारा थंडीचा उबेले आला असन. त्याले कायले बदनाम करता? आन आमच्या लोकाइच्या अंगात बंडी रायची, तिले बाहीच नव्हती. साप बसन कुठं? हे राजे लोकाइची म्हन आहे. आपली म्हन लिव, धानातला करगा."

मग तिनं उगमही सांगितला. धान आणि करगा एकाच मायचे दोन लेक. माय म्हणाली, मी विळा घेऊन येईपर्यंत उभे राहा. धान राहिला. करग्याला धीर नव्हता, तो मायच्या हाताला लागायच्या आधीच मातीत झडला. मायनं शाप दिला की जा, तुझं तोंड धानासारखं राहील पण तुला कोणी घरात घेणार नाही. नातीनं ते सगळं वहीत उतरवलं. बाईंनी लाल रेघ मारली आणि लिहिलं, हा वाक्प्रचार पुस्तकात नाही. बुढी दोन दिवस फणफणत होती. "त्या बाईले एकदा आन इकडं. बांधीत उभी करतो, मंग पाहू कोनतं पुस्तक उघडते."

पण मला ठाऊक होतं की ही गोष्ट आधी अशी नव्हती. आमचं लग्न झालं तेव्हा ती सांगायची त्या गोष्टीत धान आणि करगा दोघी सवती होत्या. बारा वर्षांपूर्वी त्या सवतींचे सख्खे भाऊ झाले.

त्याचं कारण माझा भाऊ. आमची माय लवकर गेली. बुढी लग्न होऊन आली तेव्हा हा नाक पुसता न येणारा पोरगा होता. त्याला भात कालवून तिनं चारला, डोक्याला तेल तिनं लावलं, तापात रात्रंदिवस मांडीवर तिनं घेतलं. पुढं तो मोठा झाला, वाटण्या झाल्या, तळ्याकडची वरची बांधी त्याच्याकडे गेली, तिच्या खालची आमच्याकडे. भांडण काही झालं नाही. त्याच सुमारास तिच्या वडिलांनी लांजीहून चिन्नोर धानाचं बियाणं दिलं, वास येणारं, एक चुंगडी भरून, तोंड स्वतः शिवून. दिलं आणि पंधरा दिवसांत ते गेले. बुढी त्या चुंगडीला हात लावून रडायची. पेरणीच्या दिवशी मी मूठभर बी तळहातावर चोळून पाहिलं. चारपाच दाणे तांबडे निघाले. करगा होता. मी तिच्याकडे पाहिलं, ती वडिलांच्या हाताचं शेवटचं बी पदरात घेऊन उभी होती. मी हात झटकला आणि पेरलं.

तिसऱ्या वर्षी बांधी करग्यानं भरली. बुढी धुऱ्यावर, दोन बांधींमधल्या बांधावर, उभी राहिली, वरच्या बांधीतून आमच्याकडे उतरणारं पाणी पाहिलं, आणि तिचा निकाल लागला. "भाऊजीच्या बांधीतून आला. पान्यासंग सोडला त्यानं. ज्याले मांडीवर वाढवलं त्यानंच." मी म्हटलं, "असन." एवढंच बोललो. नाही म्हटलं असतं तर तिच्या बापाचं नाव निघालं असतं. त्या एका शब्दावर बारा वर्षं गेली. तिनं दिराशी बोलणं टाकलं, त्याच्या पोरीच्या लग्नाला गेली नाही, आणि दरवर्षी उपटलेला करगा पेंढ्या बांधून त्याच्या धुऱ्यावर फेकू लागली. म्हणायची, "ज्याचं त्याले." तोही असा मुका माणूस की एक शब्द बोलला नाही. सांजच्याला येऊन त्या पेंढ्या उचलायचा आणि बैलांना घालायचा. गावातले लोक हसायचे, की याचे बैल वहिनीच्या रागावर पोसले. बैल खरंच गुबगुबीत होते.

मध्ये एकदा शेतीखात्याचे साहेब आले. त्यांनी जांभळ्या पानांचं धान दिलं. हे लावा, म्हणाले, सगळी बांधी जांभळी होईल, त्यात जो हिरवा दिसेल तो करगा, आंधळाही उपटेल. गाव हसलं, पण बुढी इतकी खूश मी लग्नातही पाहिली नव्हती. जांभळ्या बांधीच्या मधोमध उभी राहून एकेक हिरवं रोप ओढायची आणि त्याच्याशी बोलायची, "आता? आता कुठं लपशीन?" दोन वर्षं करगा जवळजवळ नाहीसा झाला. पण शेजारी शेजारी राहून दोघांचं फूल मिसळलं, आणि त्यानंतर एका वर्षी जांभळ्या बांधीत जांभळाच करगा निसवला. ती धुऱ्यावर बसली. मग म्हणाली, "याईनं आपलाच सदरा घातला. आता वरून नाही ओयखू येनार. आता घरातलाच सांगन तेव्हा समजन." ती माझ्याकडे पाहत नव्हती, तरी मी मान खाली घातली. अख्ख्या जगाची कांडं पाहिली या बाईनं, ओळखदेख नसलेल्या माणसांची पाहिली, स्वतःच्या सुनेची पाहिली. माझी कधी पाहिली नाही. लग्नाच्या दिवशी धान म्हणून घेतलं ते घेतलं.

तर त्या शेवटच्या सकाळी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, धान कापल्यावर बालाघाटला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. दिसत नाही हे ती कबूल करायची नाही, बोटांनी चाचपून उपटायची आणि तरी एक चुकायची नाही. कोपरा होत आला तेव्हा तिनं एक रोप मुळासकट ओढलं, लोंब बोटांत फिरवली, परत फिरवली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मला विचारलं.

"अवो, पाहा बरं. हे धान आहे का करगा? मले नाही समजून राह्यलं."

मी पाहिलं. धान होतं. चांगलं भरलेलं धान. तिचा चेहरा असा उतरला होता की जणू ते रोप नाही, तिची सगळी हयात उपटून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "करगाच आहे. तुहं कधी चुकते का?"

ती हसली. पेंढीत ते रोप खोचलं आणि ती पेंढीही सकाळच्या बाकीच्यांसारखी भावाच्या धुऱ्यावर फेकली. "ज्याचं त्याले." मग मोहाच्या झाडाखाली बसून आम्ही भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. तिनं मिरची कमी पडली म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. "मी जरा पडतो," म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला. मी सांगणार होतो, झोपून उठली की सांगतो म्हटलं. तिची झोप होऊ द्यावी म्हणून मी हळूच उठलो आणि एकट्यानं पुढची एक रांग साफ केली. मनात खूश होतो, की उठल्यावर पाहील आणि म्हणेल, बुढ्याला काही येते. रांग संपवून आलो, हाक मारली, पदर बाजूला केला.

मुलगा गोंदियाहून आला, दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. तिरडी उचलताना मागचा एक खांदा कमी पडत होता, माझा गुडघा चालत नाही. कोणाला हाक मारावी म्हणून लोक इकडंतिकडं पाहत होते, तेवढ्यात भाऊ गर्दीतून पुढं आला आणि खाली वाकून त्यानं खांदा दिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधीवर गेलो. सुतकात शेतात पाय ठेवत नाहीत, असं सून म्हणाली. मी म्हटलं, पाय नाही ठेवत, धुऱ्यावरूनच येतो. भावाच्या धुऱ्यावर तिच्या पेंढ्या तशाच पडल्या होत्या, दवानं ओल्या. आदल्या सांजेला त्या उचलायला कोणी आलं नव्हतं. मी खाली बसलो आणि एकेक पेंढी उचलून आमच्या धुऱ्यावर ठेवू लागलो. गुडघ्यामुळे वेळ लागत होता. मागून आवाज आला.

"दादा, काय करून राह्यला?"

"माहं आहे. घेऊन जाऊन राह्यलो."

तो उभाच राहिला. मी मागं न पाहता म्हटलं, "करगा तिच्या बापाच्या बियान्यात होता. मी पेरला. तांबडे दाने मी या हातानं पाह्यले होते. तुही बांधी साफ होती, मले मालूम होतं."

तळ्यावर पाखरं उठली, बसली. मग त्यानं विचारलं, "वहिनीले मालूम झालं का?"

"नाही."

"सांगतलं नाही ते बरं केलं."

"बरं नाही केलं," मी म्हटलं. "तिनं तुले भात चारला होता."

वाटलं आता बोलेल, बारा वर्षांचं सगळं बोलेल, बोलायला पाहिजे होतं. पण तो माझ्यासमोर उकिडवा बसला, शेवटची पेंढी स्वतःकडे ओढली, आणि सवयीनं त्यातून हात फिरवला. एक रोप बाहेर काढलं. लोंब वाकवून डोळ्यांजवळ नेली.

"दादा, हे त धान होय."

"हौ."

"वहिनीच्या हातानं धान कसं उपटलं?"

"तिले दिसत नव्हतं. तिनं मले इचारलं. मी करगा म्हणलं."

तो त्या रोपाकडे पाहत राहिला, आणि मग माझ्याकडे. उठला, धोतर वर खोचलं आणि आमच्या बांधीत उतरला. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी बोट दाखवलं त्या कोपऱ्यात कालचा खळगा तसाच होता. त्यात त्यानं ते रोप उभं केलं आणि पायानं चिखल दाबला. निसवलेलं धान उपटून परत लावलं तर जगत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी धुऱ्यावर बसल्या बसल्या हातानं धुऱ्याची माती बाजूला केली आणि त्याच्या बांधीतलं थोडं पाणी त्या रोपाकडं सोडलं.